ऋण सोडले असे म्हणतो, पण वही फाडवत नाही: ही क्षमा म्हणावी का?

रिकामी_घागर (प्रश्न)

सर्व बंधुभगिनींना जय ख्रिस्त.

गेली बारा-तेरा वर्षे मी रोज सकाळी कामावर निघण्यापूर्वी पवित्र शास्त्रातील एक उतारा वाचतो आणि त्यावर थोडा वेळ मनन करतो. वाचनात सहसा खंड पडत नाही. परंतु वाचलेले अंगी लागते की नाही, याविषयी अलीकडे मला मोठी शंका वाटू लागली आहे, आणि त्या शंकेचे कारण एक छोटी वही आहे.

चार वर्षांपूर्वी आमच्याच मंडळीतील एका बांधवाने घरच्या अडचणीत माझ्याकडे पैसे मागितले. रक्कम माझ्या साधारण साडेतीन महिन्यांच्या पगाराएवढी होती. वर्षभरात परत करीन असे त्यांनी आपणहून सांगितले. मी लेखी काही घेतले नाही, कारण प्रभूमधील भावाकडून कागद लिहून घेणे मला कमीपणाचे वाटले. ते वर्ष उलटल्यावर मी अधूनमधून आठवण करून देऊ लागलो आणि प्रत्येक वेळची तारीख व त्यांचे उत्तर एका वहीत टिपू लागलो. पहिल्या पानावर ‘पुढच्या महिन्यात’ असे तीनदा आहे. दुसऱ्या पानावर ‘बोनस मिळाला की’ आणि ‘मुलीची फी भरून झाली की’. तिसऱ्या पानावर बहुतेक ठिकाणी ‘फोन उचलला नाही’ एवढेच आहे.

गेल्या महिन्यात सकाळच्या वाचनात १ करिंथकरांस १३ वा अध्याय आला. प्रीती अपकार स्मरत नाही, हे वचन मी वाचले तेव्हा ती वही माझ्या हातापासून वीतभर अंतरावर, टेबलाच्या खणात होती. त्याच आठवड्यात ते बांधव मला म्हणाले, ‘भाऊ, आपण ख्रिस्ती आहोत. सत्तरदा सात वेळा क्षमा करा असे प्रभूनेच सांगितले आहे ना?’ मला संताप आला, आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते म्हणून तो अधिकच वाढला.

प्रार्थनेत मी त्यांना अनेकदा क्षमा केली आहे. तरीही एका रविवारी त्यांच्या पायांत नवे बूट दिसले आणि पाळकांच्या संपूर्ण संदेशभर मी त्या बुटांची किंमत काय असेल याचाच अंदाज बांधत बसलो. प्रभुभोजनाच्या वेळी प्याला त्यांच्या हातून माझ्याकडे आला, तो मी त्यांच्याकडे न पाहता घेतला.

पत्नीचे म्हणणे वेगळेच आहे. ती म्हणते, ‘तुम्ही जी क्षमा करायला निघाला आहात, ती माझ्याही पैशांची आहे, आणि मला कोणी विचारलेले नाही.’

तेव्हा माझे प्रश्न असे आहेत: ही वही ठेवणे पाप आहे का? पैसे परत मागणे क्षमेच्या विरुद्ध आहे का? आणि रोज वाचलेले वचन अशा ठिकाणी नेमके कसे लागू करावे?

सियोनची_वाट

बंधू, उत्तर अगदी सोपे आहे. लूक ६:३५ मध्ये प्रभूने परत मिळण्याची आशा न धरता उसने देण्यास सांगितले आहे. वही आजच फाडून टाका, त्या भावाला आशीर्वाद द्या आणि पुन्हा तो विषय काढू नका. प्रभू आपल्याला दुसऱ्या मार्गाने भरपाई करून देईल. आपण हिशेब धरून बसलो, तर जगातील लोकांत आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

दोन_दमड्या

‘सियोनची_वाट’ यांच्या उत्तरामागील कळकळ मला समजते, परंतु ते उत्तर सोपे आहे म्हणूनच मला त्याची थोडी भीती वाटते. एखादे वचन त्याच्या आजूबाजूच्या वचनांपासून सोडवून हातात घेतले की ते कोणत्याही बाजूने वापरता येते. अरण्यातील परीक्षेच्या वेळी सैतानानेही ९१ व्या स्तोत्रातील वचनच म्हणून दाखवले होते, आणि त्याला मिळालेले उत्तर ‘असेही लिहिले आहे’ असे होते. आपल्या प्रश्नातही काय काय ‘असेही लिहिले आहे’ ते पाहू.

त्या बांधवांनी आपल्याला मत्तय १८:२२ ऐकवले. त्याच अध्यायात केवळ सात वचने मागे गेलो, तर प्रभू म्हणतो की तुझ्या भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि दोघेच असताना त्याचा दोष त्याला दाखव. लूक १७:३-४ मध्ये तर दोन्ही गोष्टी एका दमात आल्या आहेत: भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. दिवसातून सात वेळा क्षमा करण्याची आज्ञा आहे तेथे सात वेळा परत येऊन ‘मला पश्चात्ताप झाला आहे’ असे म्हणणारा भाऊही आहे. आपले बांधव वचनाचा पहिला अर्धा भाग गाळून दुसऱ्या अर्ध्यावर आपला हक्क सांगत आहेत.

याची मुळे मोशेच्या नियमशास्त्रात आहेत. ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे वचन आपल्या सर्वांना पाठ असते, पण ते जेथून आले त्या लेवीय १९:१७-१८ मधील पूर्ण वाक्य फार थोड्यांना आठवते. तेथील क्रम असा आहे: मनात भावाचा द्वेष करू नकोस, त्याची चूक त्याला अवश्य दाखवून दे, नाही तर त्याच्या पापाचा भार तुझ्यावरही येईल, सूड घेऊ नकोस, मनात दावा धरू नकोस, तर प्रीती कर. चूक दाखवून देणे आणि प्रीती करणे या दोन गोष्टी तेथे शेजारीशेजारी उभ्या आहेत. न बोलता मनात धरून ठेवणे हेच तेथे द्वेषाच्या रांगेत बसवले आहे. बुटांची किंमत मोजत काढलेला तो तास मला याच वचनाची आठवण करून देतो.

आता वहीविषयी. १ करिंथकरांस १३:५ मध्ये ‘अपकार स्मरत नाही’ असे जेथे मराठीत आहे, तेथे मूळ ग्रीक क्रियापद ‘लोगिझोमाई’ आहे आणि तो हिशेबाच्या व्यवहारातील शब्द आहे: खात्यावर मांडणे, जमेस धरणे. रोमकरांस पत्राच्या ४ थ्या अध्यायात अब्राहामाचा विश्वास त्याच्यासाठी नीतिमत्त्व म्हणून गणला गेला असे पुन्हा पुन्हा येते, तेथेही हेच क्रियापद आहे. आणि २ करिंथकरांस ५:१९ मध्ये देवाने लोकांचे अपराध त्यांच्याकडे मोजले नाहीत, तेथेही हेच. म्हणजे वही आणि वचन यांचा आपल्याला जाणवलेला संबंध खोटा नाही. परंतु पौलाने खात्यावर न मांडण्याची जी गोष्ट सांगितली आहे, ती वाइटाची आहे. किती रक्कम दिली, केव्हा दिली, केव्हा परत येणार होती, ही व्यवहाराची नोंद झाली. ‘फोन उचलला नाही’ हे मात्र मला व्यवहाराच्या नोंदीसारखे वाटत नाही. आपण स्वतःच पहिले पान आणि तिसरे पान शेजारी ठेवून पाहा. कोणते पान कशासाठी लिहिले गेले हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक चांगले कळेल.

मत्तय १८ मधील निर्दय चाकराचा दृष्टान्त येथे आणणे भागच आहे, पण तोही नीट मोजून. राजाने एका चाकराचे दहा हजार टॅलेंटचे कर्ज सोडले, आणि तोच चाकर बाहेर पडून आपल्या सोबतीच्या चाकराकडून शंभर दीनार वसूल करू लागला. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी; मत्तय २० मधील द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तात हाच दर ठरलेला आहे. एक टॅलेंट म्हणजे साधारणपणे ६,००० दीनार. त्या हिशेबाने दहा हजार टॅलेंटचे कर्ज म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी होते. वर्षातून ३०० दिवस काम केले तरी दोन लाख वर्षे. ऐकणाऱ्यांना ते अशक्य वाटावे, म्हणूनच तो आकडा आहे. दुसऱ्या चाकराचे देणे शंभर दीनार होते, आणि संदेशात ते बहुधा ‘चिल्लर’ म्हणून उडवून लावले जाते. आठवड्याला सहा दिवस काम धरले, तर ती सुमारे चार महिन्यांची कमाई होते. आपली साडेतीन महिन्यांची रक्कम जवळजवळ तेथेच येते! आपले नुकसान क्षुल्लक आहे असे प्रभू म्हणत नाही. नुकसान खरे आहे, आणि तरीही त्याच्या शेजारी दोन लाख वर्षांची मजुरी ठेवून पाहा, असे तो म्हणतो. त्या चाकराने मागितले म्हणून राजा रागावला, असेही मला तेथे दिसत नाही. त्याने गळा धरला, मुदत मागणाऱ्याचे ऐकले नाही आणि त्याला तुरुंगात टाकले, यासाठी राजा रागावला.

लूक ६:३५ बद्दल एवढेच सांगतो की ते वचन शत्रूंवर प्रीती करण्याच्या शिकवणीत आले आहे, आणि ते देणाऱ्याच्या अंतःकरणाला उद्देशून आहे. ते घेणाऱ्याच्या हातात दिलेले माफीपत्र नव्हे. घेणाऱ्यासाठी स्तोत्र ३७:२१ आहे: दुर्जन उसने घेतो आणि परत करत नाही.

थोडे विषयांतर होते, पण नियमशास्त्रातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात दर सातव्या वर्षी कर्ज सोडण्याचा नियम आहे, आणि सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरीब भावाला देण्याचे टाळू नका अशी ताकीदही तेथेच आहे. लोक टाळतच होते. मिश्ना या यहूदी नियमांच्या संग्रहात अशी नोंद आहे की लोक कर्ज द्यायचेच थांबले हे पाहून हिल्लेल या यहूदी धर्मगुरूने ‘प्रोझबुल’ नावाच्या दस्तऐवजाची सोय केली, ज्यामुळे सातव्या वर्षानंतरही येणे वसूल करता येत असे. औदार्याचा नियम आणि माणसाचा स्वभाव यांची ओढाताण आपल्या टेबलाच्या खणात सुरू झालेली नाही.

उंबरावरून

मी सहसा येथे लिहीत नाही, परंतु या विषयात पलीकडच्या बाजूने कोणी बोललेले दिसत नाही, म्हणून लिहिते. मी ते पैसे बुडवणारे माणूस होते.

आमच्या मंडळीतील एका ज्येष्ठ ताईंकडून मी पैसे घेतले होते आणि जवळजवळ दोन वर्षे परत केले नाहीत. सुरुवातीला खरोखरच जमत नव्हते. नंतर थोडे थोडे देता आले असते, पण एवढी लहान रक्कम घेऊन त्यांच्यासमोर जायचे कसे, या लाजेने मी काहीच दिले नाही. उपासनेत मी बाक बदलला. शेवटच्या आशीर्वादाच्या वेळी सर्वांचे डोळे मिटलेले असताना बाहेर पडता यावे म्हणून दाराजवळ बसू लागले. चपला कोठे काढल्या आहेत ते आधीच लक्षात ठेवत असे, शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून.

ताई मला कधीही काही बोलल्या नाहीत. भेटल्या की हसत असत. त्यांना वाटत असावे की आपण क्षमा केली आहे; मला मात्र त्या हसण्याचा अर्थ कळत नसे आणि मी तो दर वेळी वाईटच लावत असे. माझ्यासाठी त्यांचे न बोलणे ही दया नव्हती. मला पैसे देण्याची किंवा ‘जमत नाही’ असे म्हणण्याची, दोन्हींची वाट त्या शांततेने बंद केली होती. पुढे एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन सरळ विचारले, ‘तुझ्याकडून किती होईल आणि कधीपासून होईल?’ मी रडले, रागावले, आणि त्याच आठवड्यात पहिला लहानसा हप्ता दिला. संपूर्ण फेडायला तीन वर्षे लागली. शेवटचे दोन हप्ते त्यांनी सोडले, पण ते मी देऊ लागल्यानंतर.

जकातदार जक्कयाच्या घरी प्रभू गेला (लूक १९), तेव्हा जक्कय म्हणाला की कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो. नियमशास्त्रात स्वतःहून कबूल करणाऱ्याला मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढेच देण्यास सांगितले आहे (गणना ५:७). तो चौपटीवर गेला. प्रभूने त्याला ‘राहू दे, आता कृपेचे युग आहे’ असे म्हटले नाही. आज या घराला तारण प्राप्त झाले आहे, असे म्हटले. मी ते वचन वाचते तेव्हा मला वाटते की परत देण्याची संधी मिळणे हीदेखील कृपाच होती.

तेव्हा बंधू, न विचारता क्षमा करू नका. निदान त्यांना विचारा तरी.

रिकामी_घागर

‘उंबरावरून’ ताई, आपण लिहिलेले मी पत्नीला वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही.

दोन गोष्टी कबूल केल्या पाहिजेत. पहिली म्हणजे, ‘दोन_दमड्या’ यांनी सांगितल्याप्रमाणे मी वहीची पाने शेजारी ठेवून पाहिली. तिसरे पान मी अर्ध्या रात्री लिहिलेले आहे, अक्षरावरून कळते. तेथील एका तारखेला मी फोन केलाच नव्हता, फक्त ‘उचलणार नाहीतच’ असे धरून चाललो होतो, आणि तरी नोंद केली आहे.

दुसरी गोष्ट अधिक लाजिरवाणी आहे. बुधवारच्या प्रार्थना सभेत मी ‘मंडळीतील एका बांधवाने व्यवहारात प्रामाणिक राहावे’ असा प्रार्थनेचा विषय दिला होता. नाव घेतले नव्हते. तिथल्या सात जणांपैकी किमान पाच जणांना कळले असावे, आणि कळावे अशीच माझी इच्छा होती, हे आता मला मान्य करावे लागते. मत्तय १८:१५ मधील ‘दोघेच असताना’ हे शब्द मी उलट्या क्रमाने पाळले: आधी मंडळीला सांगितले, आणि त्यांना एकट्याला मी अजूनही नीट सांगितलेले नाही. आठवण करून देत आलो, तीही हसत हसत, ‘घाई नाही’ असे म्हणत.

आता जायचे ठरवले आहे. पण जाऊन काय बोलावे, कसे बोलावे, हे सुचत नाही.

निवृत्त_पाळक

प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितलेली चहाडी मी माझ्या सेवाकाळात इतक्या वेळा ऐकली आहे की आपल्या कबुलीने मला धक्का बसला नाही. ती कबुली दिलीत याचा आनंद वाटला. त्या सात जणांपाशी ती गोष्ट सरळ करून घ्या, आणि तेही त्या बांधवांकडे जाण्यापूर्वी.

कसे जावे याविषयी नियमशास्त्रात एक लहानसा नियम आहे, जो मला फार आवडतो. अनुवाद २४:१०-११ मध्ये असे आहे की आपल्या शेजाऱ्याला काही उसने दिले असेल, तर गहाण घेण्यासाठी त्याच्या घरात शिरू नकोस; बाहेर उभा राहा, तो स्वतः गहाण बाहेर आणून देईल. मागण्याचा हक्क तेथे काढून घेतलेला नाही. पण उंबरठा ओलांडण्याचा हक्क दिलेला नाही. घरात काय आहे, काय नाही, हे धनकोने डोळ्यांनी पाहू नये; बायकामुलांसमोर त्या माणसाची मान खाली जाऊ नये; काय द्यायचे ते त्याने स्वतःच्या हाताने बाहेर आणावे. आणि तो गरीब असेल तर त्याचे गहाण ठेवलेले पांघरूण सूर्यास्ताला परत दे, म्हणजे तो ते पांघरून झोपेल व तुला आशीर्वाद देईल, असे पुढेच आहे.

आपल्या बाबतीत ‘बाहेर उभे राहणे’ म्हणजे काय, ते पाहा. त्यांच्या घरी जाऊन मुलांसमोर विषय काढू नका. उपासना संपल्यावर दारात गाठू नका, तेथे सगळ्यांच्या नजरा असतात. वेळ त्यांना ठरवू द्या. आणि बुटांविषयी एक शब्दही काढू नका; ते बूट त्यांना कोणी दिले, हे आपल्याला ठाऊक नाही. बूट म्हणजे घराच्या आतली गोष्ट.

बोलायचे ते थोडे आणि स्पष्ट असू द्या. किती दिले, काय ठरले होते, त्यामुळे आपल्या घरात काय झाले, आपल्या मनात काय झाले. प्रार्थना सभेतील चुकीबद्दल प्रथम आपण क्षमा मागा, कारण मत्तय ५:२३-२४ प्रमाणे आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे वेदीपाशी आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करायला जायचे आहे. हे वचन गालीलात सांगितले गेले आणि वेदी यरुशलेमेत होती. अर्पण ठेवून घरी जाणे आणि पुन्हा परत येणे म्हणजे कित्येक दिवसांची पायपीट. ऐकणाऱ्यांना हे नक्कीच समजले असणार. गंमत अशी की पाचव्या अध्यायात अपराध करणाऱ्याने जायचे आहे आणि अठराव्या अध्यायात ज्याचा अपराध झाला आहे त्याने. दोघेही आज्ञा पाळायला निघाले तर वाटेतच भेटतील. मी तरी आजवर असे भेटलेले दोघे पाहिले नाहीत. बहुतेक वेळा दोघेही घरी बसून दुसऱ्याची वाट पाहत असतात.

आपल्या पत्नीचे म्हणणे मला महत्त्वाचे वाटते. दुसऱ्याच्या वाट्याचे ऋण आपण एकट्याने सोडू शकत नाही. फिलेमोनाच्या पत्रात पौल फिलेमोनाचा दास अनेसिम याची रदबदली करतो, तेव्हा ‘त्याचे देणे सोडून दे’ असा हुकूम करत नाही. ‘त्याच्याकडे तुझे काही येणे असले तर ते माझ्या हिशेबी मांड, मी पौल हे स्वहस्ते लिहितो, मी फेडीन,’ असे म्हणतो. प्रेषिताने फिलेमोनाचे नुकसान खरे मानले, ते स्वतःवर घेतले आणि तसे स्वतःच्या अक्षरात लिहून दिले. तेव्हा प्रभूमधील भावाकडून कागद घेणे कमीपणाचे, ही आपली समजूत आपल्याला शास्त्रातून मिळालेली नसावी. जाण्यापूर्वी पत्नीशी बोलून किती सोडता येईल आणि किती नाही, हे दोघांनी ठरवा.

आणि ते बांधव ऐकणार नाहीत, असेही होऊ शकते. मग एक-दोघांना बरोबर घेऊन पुन्हा जायचे, असे प्रभूने सांगितले आहे. त्या दोघांत बुधवारच्या सभेतील कोणी नसावे.

मनातील राग सोडणे आणि संबंध पूर्ववत होणे, यांत अंतर असते. योसेफ आपल्याला विकणाऱ्या भावांना पाहून बाजूला जाऊन रडला (उत्पत्ती ४२:२४), पण बन्यामिनाऐवजी स्वतः दास व्हायला यहूदा पुढे आला तोपर्यंत त्याने ओळख दिली नाही. रडण्याइतके प्रेम त्याच्या मनात पहिल्याच भेटीत होते. विश्वास टाकायला त्याने वेळ घेतला, आणि त्यासाठी शास्त्र त्याला दोष देत नाही.

सियोनची_वाट

पाळकसाहेब, आदर राखून विचारतो. आपण सर्वजण नियमशास्त्राकडे इतके का वळत आहात? १ करिंथकरांस ६:७ मध्ये पौल म्हणतो की त्यापेक्षा अन्याय सहन का करत नाही, नाडले का जात नाही? ते वचन पुसायचे का?

निवृत्त_पाळक

पुसायचे नाही. ते वचन भावाला न्यायालयात खेचणाऱ्यांना लिहिले आहे, आणि पुढच्याच वचनात नाडणाऱ्या भावालाही पौलाने सोडलेले नाही. नुकसान सोसण्याची वेळ येऊ शकते, आणि या बांधवांवर ती कदाचित येईलही. परंतु जे सोसायचे ते डोळे उघडे ठेवून, बोलून झाल्यावर सोसावे. बोलण्याचे धैर्य नाही म्हणून गप्प राहणे आणि नंतर त्याला सहनशीलता म्हणणे, हे मी स्वतः बरीच वर्षे केले आहे. आपला प्रश्न योग्य होता, कारण तो विचारला नसता तर हा धागा एकाच बाजूला कलला असता.

रिकामी_घागर

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

बुधवारच्या सभेत मी माझी चूक सांगितली. अपेक्षेपेक्षा ते कठीण गेले. एक जण म्हणाले, ‘तुम्ही कोणाबद्दल बोलत होता ते आम्हाला कळलेच नव्हते,’ आणि ते खरे बोलत होते की मला सांभाळून घेत होते, हे अजूनही मला समजलेले नाही.

त्यानंतर त्या बांधवांना भेटलो. जागा आणि वेळ त्यांनीच ठरवली. मी प्रथम क्षमा मागितली, तेव्हा ते फार चिडले. सभेतील गोष्ट त्यांच्या कानावर आधीच गेली होती आणि मला टाळण्याचे तेही एक कारण होते. मी म्हणायचे ठरवलेल्या वाक्यांपैकी निम्मी वाक्ये राहून गेली. पंधरा मिनिटांत भेट संपली आणि सगळे बिघडले असे समजून मी घरी आलो. त्या रात्री मी वहीत काहीही लिहिले नाही, हे मुद्दाम सांगतो.

पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. संपूर्ण रक्कम आपल्याने होणार नाही, हे त्यांनी पहिल्यांदाच उघड सांगितले. पत्नीने आणि मी आधी बोलून ठेवले होते, त्यामुळे मला उत्तर देता आले: तिसरा हिस्सा आम्ही दोघे मिळून सोडतो, उरलेले त्यांनी त्यांना झेपेल तसे द्यावे. तिसरा हिस्सा हा आकडा पत्नीने सुचवला. मी अर्धा म्हणत होतो; तिने विचारले की अर्धा हा क्षमेसाठी आहे की लवकर सुटण्यासाठी, आणि मी गप्प बसलो.

गेल्या रविवारी प्याला घेताना मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी मान खाली घातली होती. सगळे ठीक झाले आहे असे मी म्हणणार नाही.

वहीचे तिसरे पान मी फाडले. पहिली दोन ठेवली आहेत, कारण हप्त्यांचा हिशेब दोघांनाही लागेल. चौथ्या पानावर आता त्यांच्या अक्षरात एक ओळ आहे: उरलेली रक्कम, दरमहा किती, आणि खाली सही. लिहून देतो असे ते स्वतःच म्हणाले; मी मागितले नव्हते. पहिला हप्ता पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला आहे.